बसथांब्याची जागा

आमचे हे, वेन-त्साय, तैवानात ताइनानजवळ रस्ता रुंद करण्याच्या कामाचे प्रमुख. महिनाअखेर रस्ता खुला झाला नाही, तर पुढचं पुलाचं काम दुसऱ्याला जाणार. आणि रस्त्याच्या मधोमध भूमिदेवाचं एवढंसं देऊळ! साहेब फोनवर म्हणाले, "उचला आणि ठेवा कुठंतरी." मजूर काही हात लावेनात.

आज सकाळी यांनी देवापुढे कौलाच्या दोन लाकडी फाका टाकल्या; एक उताणी, एक पालथी पडली तरच देवाचा होकार. "देवा, तुम्हाला हलवू का?" तीनदा विचारलं, तीनदा नकार.

देवळाची झाडलोट करणाऱ्या खिम आजी हसत सुटल्या. "अरे, म्हाताऱ्याला घर सोड म्हणतोस, पण नेणार कुठं ते सांगत नाहीस! तू तरी गेला असतास का?"

यांनी नकाशा पसरला. गोदामामागे? नकार. वडाखाली, बसथांब्याच्या जागी? लागोपाठ तीन होकार!

म्हणजे बसथांबा सरकवायचा, आठवडा जाणार. मी मनातल्या मनात पुलासाठी हात जोडले. यांनी मात्र साहेबांना उशिराचं कारण कळवून टाकलं: 'सर्वांत जुन्या रहिवाशाची हरकत होती. आता संमती मिळाली.'

संध्याकाळी साहेबांचं उत्तर आलं, "पुलाच्या जागी कोण राहतं, ते आधीच विचारून ठेवा."