शिडाच्या आडून आलेलं उत्तर

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की हसू दाबत चहा सांगायला उठणारा मी माणूस. हिंगणघाटला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बंद पडलेली वस्तू उघडली की कारण सापडतं, एवढाच माझा धर्म. तरी हे लिहितोय, कारण दिवाकरभाऊंबद्दल लोक जे बोलतात ते आता ऐकवत नाही... आणि त्या दिवशी शेवटपर्यंत त्यांच्यासोबत होडीत मी एकटाच होतो.

वर्धा जिल्ह्यात कसल्या आल्या शिडाच्या शर्यती, असं तुम्ही म्हणाल. पण दिवाकरभाऊ नौदलातून रिटायर होऊन केळझरजवळच्या आपल्या गावी परतले आणि आर्वीकडच्या एका धरणावर त्यांनी छोटासा क्लब काढला. मुंबईहून आणलेल्या जुन्या होड्या आणि रविवारी जमणारे आमच्यासारखे हौशी लोक. भाऊंच्या होडीत आम्ही तिघं असायचो — मागे सुकाणूवर भाऊ, मधे दोर धरून मी, आणि अगदी टोकाला त्यांचा धाकटा भाऊ सुनील.

भाऊंचा एक नियम होता. होडी वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवली की शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून सपकन फिरतो. बेसावध माणसाचं डोकंच फुटायचं. म्हणून वळण्याआधी ते ओरडून विचारणार, "पलटू का?" आणि दोघांचंही उत्तर आल्याशिवाय सुकाणू हलवणार नाहीत. मी नुसतं "हो" म्हणायचो. सुनील म्हणायचा, "पलटव, भाऊ." वारा कितीही असो, सूर तोच सुस्त. घरी खाटेवर पडून बोलतोय असा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, क्लबच्या कपाची शर्यत होती. धरण तुडुंब भरलेलं, आणि दुपारी वारा असा पिसाळला की अख्ख्या पाण्यावर पांढरा फेस. रद्द करा, असं एक-दोघं म्हणाले. पण आम्ही सगळेच चेकाळलो होतो. लाइफ जॅकेट चढवली आणि निघालो.

वळणाची खूण म्हणून पाण्यात निळा पिंप सोडला होता. त्याला वळसा घालता घालता पुढच्या लहान शिडाचा दोर कुठेतरी अडकला. मी हिसके दिले, हलेना. सुनील तो सोडवायला शिडाच्या आड सरकला. होडी एवढी कलली होती, डोळ्यांत पाणी एवढं येत होतं, की मागून तो दिसत नव्हता.

पिंप बराच मागे पडल्यावर भाऊंनी विचारलं, "पलटू का?" मी हो म्हटलं. शिडाच्या आडून आलं — "पलटव, भाऊ."

होडी वळली आणि माझ्या हातातला दोर मोकळा झाला. चला, सोडवला यानं, असं मी मनात म्हटलं. थोड्या वेळानं काठ जवळ आला तसं भाऊंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, त्याच सुरात. आम्ही पुन्हा वळलो. मग वारा जरासा पडला, शीड फडफडून वर उचललं गेलं... आणि पुढे कुणीच नव्हतं.

भाऊंनी सुकाणू ढकललं. होडी मागे फिरवली, बस्स. त्यांचा चेहरा मला आजही बघवत नाही.

आमच्या मागच्या होडीत वर्ध्याचे एक सर होते. त्यांनी जे सांगितलं ते असं — सुनील त्या निळ्या पिंपापाशीच पडला. शिडाच्या खालची लोखंडी कडी कानशिलावर बसली होती. ते लोक आम्हाला ओरडले, पण वाऱ्यानं आवाज पोचू दिला नाही. त्यांनी लगेच गाठून त्याला वर ओढलं. आम्ही पहिल्यांदा वळलो तेव्हा तो त्यांच्या होडीत आडवा होता. दुसऱ्यांदा वळलो तेव्हा सर त्याच्या छातीवर दाब देत होते. आमचं शीड पलटताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टर म्हणाले, मार लागला तेव्हाच तो गेला.

कानाला सवय झालेली असते, नसलेलं उत्तरही ऐकू येतं, हे मी स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं. पण दोघांना? आणि दोन्ही वेळा? दोर वाऱ्यानं सुटला असेल, तेही धरून चालू.

गावात मात्र एकच बोलणं — कपापायी सख्खा भाऊ पाण्यात सोडला. त्यांच्या आईनं दिवाकरभाऊंशी बोलणंच टाकलं. म्हणून मी एक दिवस त्यांच्या घरी गेलो आणि भाऊंच्या समोर आईंना सगळं सांगितलं. उत्तर मीही ऐकलं होतं, भाऊ खोटं बोलत नाहीत, हे सांगितलं. त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या.

"घाबरला होता का त्याचा आवाज?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं, रोजच्यासारखा होता. तेव्हा कितीतरी महिन्यांनी त्यांनी दिवाकरभाऊंकडे मान वळवली. मला वाटलं, चला, मिटलं.

"त्याले आवाज देता येत होता," त्या म्हणाल्या, "तं मांगं या, असं काऊन नाई म्हनला तो?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. आवाज कुणाचा होता, दोर कसा सुटला, यावर मी अजूनही तर्क लढवत बसतो. आईंचा हा प्रश्न मात्र मी उघडायलाच जात नाही.