मुठीचा चिमटा आणि खालापूरचा चहा

ठाण्याची खाडी ओलांडली तेव्हा माझी फटफटी खुशीत होती आणि मी तिच्याहून जास्त. माघातली सकाळ, अंगात जाडा कोट, कानांना मफलर, आणि उजव्या मुठीवर मी स्वतः घडवलेला पितळी चिमटा. या चिमट्यावर माझे लग्न अवलंबून होते. हे वाचून कुणाला हसू आले तर येवो, पण आधी हकिकत ऐकावी.

मी शिवणयंत्रे विकणारा फिरता माणूस. जुन्या फटफट्यांना वेग कमीजास्त करायला हँडलवर एक छोटी दांडी असे; ती जिथे सरकवाल तिथे राही. माझ्या नव्या गाडीला मात्र पिळायची मूठ आहे. ती पिळून धरली की गाडी पळते, सोडली की आतली स्प्रिंग तिला मागे खेचते आणि गाडी मंदावते. सारा रस्ता ती मूठ पिळून धरली की मनगटाचे भरीत होते, आणि उतरल्यावरही बराच वेळ हात थरथरत राहतो.

अशाच हाताने मी मार्गशीर्षात खालापूरजवळच्या एका गावी मुलगी पाहायला गेलो होतो. मामा बिचारे आगगाडीने आले, मी ऐटीत फटफटीवर. मुलगी, म्हणजे गोदा, चहा घेऊन आली. मी कपबशी उचलली आणि ती टाळांसारखी वाजू लागली. अर्धा चहा बशीत, उरलेला चटईवर. सगळी मंडळी हसली. गोदा तेवढी हसली नाही. "असूं द्या, चटई जुनीच हाय," असे हळूच म्हणून तिने सांडलेला चहा पुसून घेतला. त्या एका वाक्याने मी गारद झालो.

तिचे वडील ती लहान असतानाच गेले. तिला वाढवले ते चुलत्याने, तात्यांनी. तात्या माळकरी, शब्दाचे पक्के आणि संशयाचे त्याहून पक्के. ताडीने हात कापणारी माणसे त्यांनी गावात पुष्कळ पाहिलेली. चार दिवसांत मामांकडे निरोप आला, "पोरगा पितो. त्याचा हातच सांगतो." हा सारा फटफटीचा प्रताप, असे मामांनी परोपरीने सांगितले, पण तात्यांना ते पटेना. दिवसभर बैलगाडी हाकणाऱ्याचा हात थरथरत नाही, मग आपोआप पळणाऱ्या गाडीवर नुसता बसणाऱ्याचा का थरथरावा? अखेर त्यांनी अट घातली: पोराने फटफटीवरच यावे आणि सगळ्यांदेखत चहा प्यावा. बशी वाजली तर सोयरीक मोडली. मामांनी कानांवर हात ठेवले. "आता तू आणि तुझी फटफटी," म्हणाले.

तेव्हा मी शिवणयंत्राच्या मोडक्या भागांतून एक पितळेची पट्टी आणि एक स्क्रू शोधून हा चिमटा बनवला. गाडीने वेग धरला की स्क्रू आवळायचा. मूठ पिळलेली तशीच राहते आणि हात मोकळा.

मुंब्र्याच्या डोंगराखाली रस्ता रिकामा पाहून मी प्रथमच स्क्रू आवळला. काय सांगू तो आनंद! गाडी चालली आहे आणि उजवा हात मांडीवर जहागीरदारासारखा बसला आहे. मी मफलर सारखा केला, नाक पुसले, वाटेतल्या एका म्हशीला नमस्कारही केला. पनवेलला चहाच्या दुकानात मुद्दाम दोन वेळा चहा घेतला, केवळ बशी वाजत नाही हे पाहण्यासाठी. दुकानदार म्हणाला, "एवढं काय बघताय बशीत? माशी पडली काय?" मी म्हटले, "नाही हो, नशीब बघतोय." त्याने पैसे आधीच मागून घेतले.

पळस्प्यापुढे उजेड छान पसरला. चौक गावाच्या अलीकडे डाव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका दिसू लागतो. त्याला सुईसारखे एक नेढे, म्हणजे आरपार भोक, आहे. शिवणयंत्रे विकणाऱ्या माणसाला ते आवडणारच. मी त्या नेढ्यातून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडे बघत राहिलो आणि तिथेच घात झाला.

समोर पेंढ्याने लादलेली बैलगाडी होती. भात झोडपून झाले की या दिवसांत अशा गाड्या सारख्या दिसतात. गाडीवान वर पेंढ्यावर गाढ झोपलेला, बैल आपले ओळखीच्या वाटेने चालले होते. मी वेग कमी करायला मूठ फिरवली. ती हलेना! चिमटा आवळलेला आहे हे मी साफ विसरलो होतो. घाईने क्लच दाबला, तसे मोकळे सुटलेले इंजिन असे किंचाळले की बैल उधळून खाचरात शिरले, गाडी कलंडली आणि पेंढ्याबरोबर गाडीवानही खाली आला. नशीब, पेंढ्यावरच पडला.

"डोळं फुटलं काय रं तुजं?" तो उठता उठता ओरडला.

"माफ करा, मूठ अडकली होती."

"मूठ अडकली! मंग ह्यो पेंढा आता कोन भरनार? तुजा बा?"

बाबा ठाण्याला होते, म्हणून मीच भरला. गाडी सरळ केली आणि भाऱ्यामागून भारा डोक्याच्या वर उचलून फेकत राहिलो. गाडीवान वर उभा राहून ते रचत होता आणि "जरा नेट लाव रं" म्हणत होता. संपले तेव्हा त्याचा राग गेला होता आणि माझे हातही. त्याने फडक्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. कुणाकडे निघालास, म्हणून विचारले. मी सांगितले.

"तात्याकडं? पोरीसाठी?" त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "सांबाळून बाबा. त्यो म्हातारा ताकबी फुकून पितो."

भाकरीचा तुकडा तोंडाकडे नेताना माझी बोटे लटलट कापत होती. ज्या हाताला जपण्यासाठी इतका खटाटोप केला, तो मी पेंढ्यात घालवून बसलो होतो. मला खरोखर रडू यायचे बाकी होते.

तात्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा निम्मे गाव जमले होते. ओटीवर चटई, चटईवर तात्या, गळ्यात तुळशीची माळ. माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या.

"या. चहा टाकलाय," तात्या म्हणाले.

माझे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते आणि खिशातही स्वस्थ नव्हते. आता घटकाभर वेळ काढणे भाग होते. तोंडाला येईल ते बोललो. "तात्या, चहा होईलच. आधी तुम्ही एक फेरी मारून बघा ना. हात कशाने थरथरतो ते तुम्हालाच कळेल."

तात्यांचा चेहरा पडला. पण एवढ्या लोकांत नाही कसे म्हणणार? काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, घोंगडीची घडी आणून फटफटीच्या मागे, सामान बांधायच्या लोखंडी पट्ट्यांवर घातली. "बसा की! गेल्या पावसात म्हशीवर बसला व्हतात ना?" लोक हसले. तात्या धोतर सावरून बसले.

खोपोलीच्या रस्त्याला लागताच मी चिमटा आवळला. हातांना विसावा हवा होता, एवढाच माझा हेतू. उजवा हात मांडीवर ठेवला आणि आळीपाळीने दोन्ही हात चोळत निघालो.

"आरं, हात धर!" मागून आवाज आला. "हात धर रं! गाडी कोन हाकतंय?"

"तिची ती चालते, तात्या."

"इठ्ठला! धर म्हनतो ना!"

डोंगरावरून वीजघरात पाणी उतरवणारे जाडजूड नळ दिसू लागले, तशी मी बोट दाखवून त्यांची माहिती सांगितली. तात्यांनी काही पाहिले असेल असे वाटत नाही. ते डोळे मिटून, मागची लोखंडी पट्टी दोन्ही मुठींत आवळून, नामस्मरण करत होते. नळांखालून गाडी माघारी वळवली तेही त्यांना कळले नाही. परतताना मात्र मी गाडी हळू हाकली. म्हाताऱ्या माणसाला फार भिववल्याचे वाईट वाटत होते.

अंगणात उतरल्यावर काकींनी आधी माझ्यापुढे कपबशी ठेवली. मी बशी उचलली, नजर तिच्यावरून हलू दिली नाही. चहा तळ्यासारखा स्वस्थ होता. मी घोट घेतला आणि बशी खाली ठेवली.

मग तात्यांनी आपली उचलली.

ती अशी वाजू लागली की गोठ्यातल्या वासराने मान वर केली. तात्यांनी दुसरा हात लावला, तर दोन्ही हात वाजवू लागले. चहा धोतरावर सांडला. कुणी हसायचे धाडस करीना. काकींनी कमरेवर हात ठेवले आणि विचारले, "काय वो, तुमी कवापासून ढोसाया लागलात?"

त्यानंतर जो हशा पिकला त्यात तात्याही सामील झाले. माळेला हात लावून म्हणाले, "पोरगा पीत नाय. माजीच चूक झाली." माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते मी चहाच्या वाफेवर ढकलले.

जेवायला वालाचे बिरडे आणि भात होता. मी किती जेवलो ते विचारू नये. निघताना तात्या गाडीपासून चार हात लांब उभे राहिले. "सोयरीक पक्की. पन एक सांगतो. आमची पोर ह्या फटफटीवर कंदी बसनार नाय."

"नाही, कधीच नाही," मी ताबडतोब म्हणालो.

दाराआडून स्वच्छ आवाज आला, "मी बसनार हाय."

परतीचा रस्ता कसा सरला ते आठवत नाही. चौक गेले, पळस्पे गेले. पनवेलला टांग्यांच्या गाद्या शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याचे दुकान दिसले आणि मी थांबलो. मागच्या पट्ट्यांवर बसायला एक मऊ गादी शिवून द्या, म्हणालो.

"मानूस केवडा हाय?" त्याने सुतळीने माप घेता घेता विचारले. "बारीक की अंगानं भरलेला?"

मी हात पसरून रुंदी दाखवायला गेलो, मग कमी केली, मग पुन्हा वाढवली. प्रवासात पाहिलेले सगळे मला सांगता आले असते: इर्शाळचे नेढे, खोपोलीचे नळ, बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा. पण जिच्यासाठी ही सगळी धावपळ केली, तिच्या घरी मी दोनदा जाऊन आलो आणि दोन्ही वेळा बशीकडेच बघत बसलो.

"रुंदच शिवा," मी म्हणालो. "आवाज ओळखीचा आहे, माणूस अजून पाहायचा आहे."