तेल प्यालेलं होल्स्टर

पिस्तूल मी कधी चालवलेलं नाही आणि चालवायची हौसही नाही. मला हौस पिस्तूल ठेवायच्या चामडी कव्हराची. इंग्रजीत त्याला होल्स्टर म्हणतात. कुणी तिकिटं जमवतं, कुणी साड्या जमवतं, मी जुनी होल्स्टर जमवली. नऊ झाली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, बास आता. घरी कुणी आलं तर मी काय सांगू?"

म्हटलं, "आईची आहेत म्हणून सांग. तुझी थोडीच आहेत!"

माझे वडील पुण्यात कॅम्पात लष्करातल्या साहेबांचे पट्टे आणि पिस्तुलाची कव्हरं शिवायचे. आम्ही चांभार. चौथी झाली आणि मी शाळा सोडून त्यांच्या शेजारी बसले. आरीनं भोक पाडायचं, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवायच्या, एकाच भोकातून दोन्हीकडून काढायच्या आणि दोरा ओढून बसवायचा. असा टाका एका जागी तुटला तरी पुढचा उसवत नाही. लग्न होऊन कोल्हापूरला गेले, तर सासरी चपलांचं काम. तिथं चाळीसेक वर्षं चपलाच केल्या. कव्हरं विसरले.

मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीला न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आला, तिथल्या हेन्डरसन भागात घर घेतलं आणि नवरा गेल्यावर मलाही घेऊन आला. ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. एका शनिवारी सुनेबरोबर बाजारात गेले होते. इथं गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत बाजार भरतो, भाजीही मिळते आणि लोकांच्या घरातलं जुनं सामानही. एका खोक्यात घोड्याचे पट्टे होते, त्यांच्या खाली काळपट तपकिरी काहीतरी दिसलं. उचललं, उलटं केलं आणि अंगावर काटा आला. इंचाला आठ टाके. हाताचे. चाळीस वर्षांनी असा टाका बघत होते.

सून म्हणाली, "आई, ठेवा ते! बंदुकीचं आहे."

"मला माहीत आहे कशाचं आहे. तू कोथिंबीर बघ."

ते घेतलं. मग दर शनिवारी माझी नजर भाजीवर कमी आणि खोक्यांत जास्त. काही फाटकी निघायची, ती शिवायची. नुसती टांगून ठेवायला मला आवडत नाही, वस्तू वापरली पाहिजे. एकात स्वयंपाकघरातली कात्री. एक कमरेच्या पट्ट्याला अडकवून बागेत जायची, त्यात फांद्या छाटायची कात्री. खस्सकन काढायची, छाटायची, परत आत. सून म्हणायची, "आई, एक दिवस पोलीस येणार आहेत."

पोलीस आले नाहीत, कुंपणापलीकडचा म्हातारा आला. गोरा, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा, एकटाच राहायचा. त्यानं मला कात्री काढताना पाहिलं आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. मग माझ्या कमरेकडे बोट दाखवून म्हणाला, "ते कुणी शिवलं?" मी स्वतःकडे बोट दाखवलं. माझं इंग्रजी पन्नास शब्दांचं आणि त्याला बोलायची आवड नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

तो पिस्तुलाच्या क्लबात जायचा. इथं पिस्तूल ठेवायचं तर परवाना लागतो, क्लब लागतो, घरी लोखंडी तिजोरी लागते. कव्हराला काही लागत नाही. त्याच्याकडे वडिलांचं होल्स्टर होतं, पहिल्या महायुद्धातलं. क्लबात वर्षातून एकदा जुन्या पिस्तुलांचा नेमबाजीचा सामना व्हायचा. रिव्हॉल्व्हर जुनं आणि होल्स्टरही त्याच काळातलं, नवं चालत नाही. ह्याच्या होल्स्टरची शिवण कुजलेली, म्हणून दोन वर्षं तो नुसता बघायला जात होता. ते त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं. "जमेल?"

"यस," म्हटलं. मला आतून नुसत्या उड्या माराव्याशा वाटत होत्या. असं जाड, पक्कं चामडं वडिलांनंतर हातात आलं नव्हतं.

दोन दिवसांत शिवलं. जुन्याच भोकांतून, नवं एकही भोक पाडलं नाही. मग बघितलं तर चामडं कोरडं, तडकलेलं. चांगलं एरंडेल लावलं. परत लावलं. कोमट करून तिसऱ्यांदा लावलं. काय चमकलं ते! हाताला लोण्यासारखं लागायला लागलं. मी खूश.

त्यानं त्याच्या गॅरेजमध्ये तिजोरीतून रिकामं रिव्हॉल्व्हर काढलं, होल्स्टरमध्ये घातलं आणि खाली घोंगडी धरून होल्स्टर उलटं केलं. रिव्हॉल्व्हर धपकन घोंगडीवर. परत घातलं, परत पडलं. चामडं ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तेल चपलेला पाजायचं असतं, चप्पल पायाबरोबर वाकली पाहिजे. कव्हर ताठ लागतं. वडील कव्हराला तेलाचा नुसता हात फिरवायचे. मी सासरची सवय माहेरच्या कामाला लावली होती.

त्याला म्हटलं, "मी बिघडवलं. माय मिस्टेक." दोष माथी मारायला दुसरं कुणी नव्हतंच. त्याचं तोंड लाल झालं. सामन्याला नऊ दिवस होते आणि उभं राहण्याआधी तिथला माणूस हीच परीक्षा घेतो. रिकामं रिव्हॉल्व्हर घालून होल्स्टर उलटं करून हलवायचं. पडलं तर घरी जा. तो तिजोरीला कुलूप लावायला वळला. होल्स्टर मी उचलून घरी आणलं.

तेल काढायचं कसं? कपड्यावर तेल सांडलं तर आपण पीठ टाकतो. मोठ्या पातेल्यात तांदळाचं पीठ घेतलं आणि होल्स्टर त्यात पुरलं.

सून किंचाळली, "आई! पिठात चामडं?"

"तुझं पीठ डब्यात आहे. हे मी वेगळं आणलंय."

"मग पातेलं?"

पातेलं तिचंच होतं. मी त्यावर झाकण ठेवलं.

चार वेळा पीठ बदललं. पहिल्यांदा पिवळंधमक निघालं, चौथ्यांदा जवळजवळ पांढरं. दर वेळी सूनच आधी झाकण उघडून बघायला लागली. "आई, कमी झालं हो!" पाचव्या दिवशी म्हातारा दारात आला. हातात लाकडाचा ठोकळा, त्यानं रिव्हॉल्व्हर मापून तस्साच कोरलेला. रिव्हॉल्व्हर माझ्या घरी ठेवता येत नव्हतं, म्हणून हा फर्मा. इतका नेमका कोरला होता की मी त्याला पहिल्यांदाच शाबासकी दिली. मराठीत. त्याला कळली.

चामडं जरा ओलसर केलं, फर्म्यावर चढवलं, बोटांनी दाबून दाबून बसवलं, सुती पट्टीनं आवळलं आणि सावलीत टांगलं.

"केस वाळवायचं मशीन लावू का?" सून म्हणाली.

"लावून बघ. हात तोडीन."

सामन्याला सुनेनंच गाडी काढली. टेकडीच्या कुशीत मोकळी जागा, सगळ्यांच्या कानांवर मोठी झाकणं, वीसेक म्हातारे जुने पट्टे बांधून लग्नाला आल्यासारखे. आमच्या शेजाऱ्याचा नंबर आला. तपासणाऱ्या माणसानं होल्स्टर उलटं केलं. एकदा हलवलं. दोनदा. तिसऱ्यांदा चांगला हिसका दिला. रिव्हॉल्व्हर जागचं हललं नाही.

सून ओरडली, "आई, राहिलं!" आणि माझा दंड धरून नाचायला लागली. मी तिला नाच म्हटलं नाही आणि थांब पण म्हटलं नाही.

मग पाच फेऱ्या. काढायचं, झाडायचं, परत आत, गुडघ्यावर बसायचं, उठायचं. लोक लक्ष्याकडे बघत होते, मी त्याच्या कमरेकडे. दर वेळी रिव्हॉल्व्हर आत गेलं की गच्च बसायचं. शेवटच्या फेरीला तर मीच टाळ्या वाजवल्या. त्याचा नंबर खालून तिसरा आला. नेम भिकार होता, त्यात माझा काही दोष नाही.

तो घामाघूम होऊन आला, आधी त्यानं रिव्हॉल्व्हर पेटीत कुलूपबंद केलं आणि मग होल्स्टर सोडून माझ्या हातात दिलं. मी सगळी शिवण अंगठ्यानं तपासली. तळाच्या वळणावर एक टाका ढिला निघाला.

तो म्हणाला, "राहू दे. स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत झकास.

मी म्हटलं, "नो," आणि होल्स्टर माझ्या पिशवीत टाकलं.