शेवटची ओळ

शेंगाचटणीची पुडी सोडली, तर तेल प्यायलेल्या वर्तमानपत्रावर ‘हरवले आहेत’ अशी जाहिरात होती. नाकात लसणाचा वास होता, पण कानात खोडरबर घासल्याचा आवाज सुरू झाला.

मंद्रूपच्या शाळेत मी नववीला मराठी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. माहितीपर मजकूर कसा वाचायचा, हे शिकवण्यासाठी त्या आठवड्यातली अशीच एक जाहिरात, नाव-पत्ता गाळून, मी फळ्यावर लिहिली. उंची, रंग, अंगात पांढरा सदरा, डाव्या पायानं लंगडतात. आणि शेवटी, ‘अण्णा, घरी या. कुणी काही बोलणार नाही.’

“वहीत उतरवा, आणि ज्यात माहिती नाही ते खोडा,” असं सांगून मी लाल पेन घेऊन बाकांमधून फिरू लागले. मला हवं असलेलं उत्तर सोपं होतं. शेवटची ओळ खोडायची.

रेणुकानं पेन्सिलीनं बाकी सगळं खोडलं होतं. तेवढी ओळच ठेवली होती.

“उलटं केलंस की गं,” मी हसत म्हणाले आणि त्या ओळीवर लाल रेघ ओढली.

मान वर न करता ती म्हणाली, “बाई, बाकीचं लोकांसाठी हाय. ही ओळ आमच्या अण्णांसाठी हाय. मीच सांगितली हुती.”

मी पुढच्या बाकाकडे गेले. मागून खोडरबर घासल्याचा आवाज येऊ लागला, बराच वेळ. शाई खोडरबरानं निघत नाही. कागद फाटल्याचं मला ऐकू आलं, तरी मी मागे वळले नाही.