विमलचा अर्धा बर्गर

मंडळी, राग अजून उतरलेला नाही, तरी लिहिते.

आम्ही चार मैत्रिणी, कॉन्व्हेंट शाळेच्या निवृत्त शिक्षिका, हुबळी-धारवाडातली बर्गरची दुकानं पालथी घालतोय. आज आमच्यातल्या विमलला सुभाष रोडवरच्या दुकानात ओढून नेलं. नवरा गेल्यापासून ती प्रथमच बाहेर पडली. पहिल्याच घासाला नाकाला सॉस लागला आणि ती खळखळून हसली.

शेजारच्या टेबलावरून तिचे दीर म्हणाले, "वैनी, अण्णा जाऊन तीन महिने नाही झाले. शोभतं का हे?"

मी म्हटलं, "अण्णा तुमचे सख्खे भाऊ ना? मग तुमच्या हातात काय आहे, देवाचा प्रसाद?"

त्यांनी आपला बर्गर संपवला. विमलने मात्र आपला उरलेला अर्धा कागदात गुंडाळला. "मला घरी सोड गं."

भांडण मी जिंकले. ते हसू आता कुठून आणू, सांगा?