बॉनेटवरचं स्वस्तिक

नवी गाडी दारात आली आणि आई कुंकवाची वाटी घेऊन खाली उतरली. ओल्या बोटाने तिने बॉनेटवर स्वस्तिक काढायला घेतलं. धाकटा भाऊ कौतुकाने म्हणाला, "आई, पुढच्या भागाला पारदर्शक फिल्म लावलीय. हायवेवर खडी उडाली तरी रंगाचा टवका निघणार नाही."

आईचं बोट थांबलं. "म्हणजे हे गाडीला लागतच नाहीये?"

मलाही कोडं पडलं. शाळेत वर्षभर आपण हाताळायचो ते पुस्तकाचं कव्हरच. तरी पुस्तक वापरलं असंच म्हणायचो. मग आत्ता पूजा नेमकी कोणाची चालली होती?

आईने वाकून ती न दिसणारी फिल्म बघायचा प्रयत्न केला. मग राहिलेली रेघ ओढत म्हणाली, "दगड या फिल्मलाच लागणार ना? मग कुंकूही हिलाच."