तिच्या आईचा चहा

मॅट्रिकच्या वर्षी वडनेरला माझी एक मैत्रीण होती. ती शाळेत आली नाही की माझा दिवस जात नसे. तिने अर्धं खाल्लेलं बोर मी हक्काने मागून खायची. एकदा तुरीच्या शेतात तिने माझं चुंबन घेतलं, तेव्हा भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला.

मग ती मला घरी घेऊन गेली. तिच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धम्म स्वीकारला होता. आमच्या घरात त्यांच्या वस्तीचं पाणीही चालत नसे. तिच्या आईने कपबशी पुन्हा धुऊन चहा पुढे केला.

"मले उपास आहे, मावशी," मी म्हणाले.

"उपासाले चहा चालते, बाई."

मी हात पुढे केलाच नाही. तिच्या आईने कप आत नेला.

बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "माह्या तोंडचं बोर चालते तुले, मंग मायच्या हातचा चहा काऊन नाही?"

दुसऱ्या दिवसापासून ती वेगळ्या बाकावर बसू लागली.

आमच्या प्रेमाचं गुपित फुटलं तर लोक आपल्याला कमी लेखतील, या भीतीने मी तेव्हा रडायची. तिच्या आईला मी किती कमी लेखलं, यासाठी मात्र तेव्हा एकदाही रडले नाही.